चांगले छायाचित्र : प्रकाश, जागा आणि क्षण

मराठीत या कलेला दोन नावे आहेत. कोणी तिला छायाचित्रण म्हणतात, तर कोणी प्रकाशचित्रण. दोन्ही नावे सार्थ आहेत. वस्तूवर पडून परत फिरलेला प्रकाश कॅमेऱ्यात शिरतो आणि त्याचीच प्रतिमा उमटते. जेथे प्रकाश पोहोचत नाही तेथे छाया राहते. या दोहोंच्या मेळातून चेहऱ्याला गोलाई, दगडाला खरबरीतपणा आणि डोंगराला खोली प्राप्त होते. हौशी छायाचित्रकार मात्र बहुधा या दोहोंकडे पाहत नाही. तो माणसाकडे, देवळाकडे किंवा डोंगराकडे पाहतो आणि बटण दाबतो. डोळ्यांना इतके सुंदर दिसलेले दृश्य चित्रात फिके का आले, हा प्रश्न त्याला मागाहून पडतो आणि त्याचे उत्तर तो अधिक किमतीच्या कॅमेऱ्यात शोधू लागतो.

एके काळी आपल्या देशातील असंख्य मध्यमवर्गीय कुटुंबांत आग्फा क्लिक ३ हा साधा पेटीवजा कॅमेरा असे. त्यात १२० क्रमांकाची फिल्म घालावी लागे आणि तिच्यावर १२ चित्रे निघत. फिल्म, ती धुणे आणि प्रती काढणे या सर्वांचा खर्च ध्यानात घेऊन प्रत्येक चित्र विचारपूर्वक घेतले जाई. आज बहुसंख्य लोकांच्या हाती असलेला कॅमेरा मोबाइल फोनमध्ये बसवलेला आहे. चित्र घेण्यास खर्च येत नाही, म्हणून चित्रे हजारोंनी जमतात. पण खर्चाबरोबर विचारही गेला. याचा प्रत्यय एका दुःखद प्रसंगी येतो. घरातील वडीलधारे माणूस जाते आणि भिंतीवर लावण्यासाठी त्याचे एखादे चित्र हवे असते. तेव्हा असे आढळते की, चित्रे पुष्कळ आहेत, परंतु कोठे चेहरा काळवंडलेला आहे, कोठे तो गर्दीत नखाएवढा आहे, तर कोठे डोळे मिटलेले आहेत. अखेर लग्नातील एखाद्या समूहचित्रातून किंवा ओळखपत्रावरून चेहरा कापून तो मोठा केला जातो आणि ते धूसर रूपच पुढील पिढीला आजी किंवा आजोबा म्हणून दाखवले जाते.

ही उणीव टाळणे कठीण नाही. बटण दाबण्यापूर्वी तीन प्रश्न स्वतःला विचारावेत : प्रकाश कोठून येत आहे? मी कोठे उभे राहावे? आणि बटण केव्हा दाबावे? कॅमेरा कोणताही असो, या तीन प्रश्नांची उत्तरे देण्याचे काम छायाचित्रकारालाच करावे लागते.

प्रकाशाची पारख

प्रकाश दोन प्रकारचा असतो, कठोर आणि सौम्य. लहानशा किंवा फार दूरच्या उगमापासून थेट येणारा प्रकाश कठोर असतो. निरभ्र आकाशातील सूर्य आकाराने प्रचंड असला, तरी आपल्याला तो रुपयाच्या नाण्यासारखा दिसतो. म्हणून त्याच्या सावल्या काळ्या आणि रेखीव पडतात. तोच प्रकाश ढगांतून, पांढऱ्या पडद्यातून किंवा चुना लावलेल्या भिंतीवर आपटून आला, म्हणजे तो अनेक दिशांनी पसरतो, सावल्यांच्या कडा विरघळतात आणि चेहऱ्यावरील बारीक छटा दिसू लागतात.

भारतासारख्या उष्ण प्रदेशात दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. अशा वेळी उघड्यावर घेतलेल्या चित्रात कपाळ आणि नाक चकाकते, डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात आणि मनुष्य अकारण थकलेला दिसतो. त्यास सूर्याकडे तोंड करून उभे केल्यास डोळे बारीक होतात, कपाळाला आठ्या पडतात आणि चित्र अधिकच बिघडते. उपाय सोपा आहे. त्याला दोन पावले मागे, ओसरीच्या किंवा झाडाच्या दाट सावलीत आणावे आणि तोंड उजेडाच्या बाजूस करावे. सावलीत प्रकाश कमी असतो, परंतु आजच्या कॅमेऱ्यांना तो पुरेसा होतो. सावली मात्र अखंड असावी. पानांतून गळणारे उन्हाचे कवडसे चेहऱ्यावर पडू देऊ नयेत.

घरात चित्र घ्यावयाचे असेल, तर खिडकी हेच सर्वांत चांगले साधन होय. विजेचे दिवे फारसे उपलब्ध नव्हते, त्या काळी छायाचित्रशाळांना मोठ्या काचा बसवीत आणि शक्य तेथे त्या उत्तरेकडे ठेवीत. कारण त्या बाजूने सहसा थेट ऊन येत नाही. आपल्या देशात उन्हाळ्यातील सकाळ-संध्याकाळ मात्र याला अपवाद असते, आणि कर्कवृत्ताच्या दक्षिणेकडील गावांत वर्षातील काही आठवडे दुपारचा सूर्यही उत्तरेकडे झुकलेला असतो. तेवढे दिवस खिडकीवर पातळ पांढरे धोतर किंवा चादर सोडली, म्हणजे भागते.

आजीला खिडकीपासून सुमारे एक मीटरवर बसवावे. खिडकी तिच्या एका बाजूस आणि किंचित पुढे असावी. छायाचित्रकाराने खिडकीजवळच्या भिंतीला लागून उभे राहावे. खिडकीकडे तोंड करून तिच्या उजेडाविरुद्ध चित्र घेऊ नये. चेहऱ्याची दुसरी बाजू फार काळोखी वाटली, तर त्या बाजूस एखादे पांढरे वस्त्र किंवा मोठा पांढरा कागद धरावा. खिडकीचा प्रकाश त्यावरून परत फिरून सावली उजळतो. छतावरचा दिवा मालवावा, कारण खिडकीचा प्रकाश निळसर आणि दिव्याचा अनेकदा पिवळसर असल्याने दोन्ही मिसळले, म्हणजे त्वचेचा रंग विचित्र दिसतो.

परत फिरवलेल्या प्रकाशाचे सामर्थ्य किती असते, याचे एक उत्तम उदाहरण भारतीय चित्रपटाच्या इतिहासात आहे. सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’ या १९५६ सालच्या चित्रपटासाठी काशीतील एका घराचा चौक कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारण्यात आला होता. खऱ्या चौकात प्रकाश वरच्या आकाशातून उतरतो आणि जवळजवळ सावलीरहित असतो. स्टुडिओतील दिवे थेट रोखले असते, तर प्रत्येक पात्रामागे दोन-दोन, तीन-तीन सावल्या पडल्या असत्या आणि घर खोटे आहे, हे प्रेक्षकाने तत्काळ ओळखले असते. छायालेखक सुब्रत मित्र (१९३०–२००१) यांनी चौकावर पांढरे कापड ताणून बसवले आणि खालून त्यावर दिव्यांचे झोत सोडले. कापडावरून परत आलेला प्रकाश आकाशाच्या प्रकाशासारखाच सर्वत्र पसरला. घरात पांढरी चादर धरणारा हौशी छायाचित्रकार लहान प्रमाणावर हेच करीत असतो.

इमारती आणि निसर्गदृश्ये यांच्या बाबतीत मात्र थेट ऊनही उपकारक ठरते, पण ते तिरपे असावे. सकाळी आणि सायंकाळी सूर्य क्षितिजाजवळ असताना त्याचे किरण दगडी कोरीवकामाला घासून जातात आणि प्रत्येक रेषेची सावली पडून शिल्प उठून दिसते. तेच शिल्प भर दुपारी सपाट वाटते. म्हणून प्रवासाला निघण्यापूर्वी स्थळाचे तोंड कोणत्या दिशेस आहे, याची चौकशी करावी. काशीचे घाट पूर्वाभिमुख आहेत. त्यांची शोभा सूर्योदयी पाहावी. कोकण, गोवा आणि केरळ येथील समुद्रकिनारे पश्चिमेकडे उघडतात. तेथे सायंकाळ साधावी.

कॅमेऱ्याचा अंदाज आणि आपला विवेक

कॅमेऱ्यात किती प्रकाश घ्यावयाचा, हे तीन गोष्टींवर अवलंबून असते : भिंगाचे छिद्र किती उघडे आहे, शटर किती वेळ उघडे राहते आणि फिल्म किंवा तिच्या जागी आज असणारा संवेदक किती संवेदनक्षम आहे. आजचे कॅमेरे हा हिशेब स्वतःच करतात. तो करताना त्यांचे एक गृहीत असते. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या रंगाइतके उजळ आहे, असे ते धरून चालतात. सामान्य दृश्यांत हे गृहीत बरोबर ठरते. पण संगमरवरी ताजमहाल, काश्मीरमधील बर्फ किंवा कच्छचे पांढरे रण समोर आले, म्हणजे कॅमेरा त्या शुभ्रतेलाही करडे करून टाकतो. उलट, काळी म्हैस चित्रात राखेसारखी दिसते.

हा दोष माणसांच्या चित्रांत फार जाचक ठरतो. चुना लावलेल्या भिंतीपुढे किंवा उजळ आकाशापुढे सावळ्या वर्णाचा मनुष्य उभा असला, म्हणजे कॅमेरा भिंतीला किंवा आकाशाला जपतो आणि चेहरा काळोखात बुडतो. जुन्या काळी चित्र धुतल्यावर हाताने रंग देऊन त्वचा गोरी करण्याची प्रथा अनेक छायाचित्रशाळांत होती. त्यात माणसाचे खरे रूप हरवून जाई. खरा उपाय चित्र घेतानाच करता येतो. मोबाइल फोनच्या पडद्यावर चेहऱ्याला बोटाने स्पर्श केला, म्हणजे यंत्र त्या चेहऱ्यापुरता प्रकाश मोजते. त्यानंतर बहुतेक फोनांत बोट वर सरकवून चित्र अधिक उजळ आणि खाली सरकवून मंद करता येते. इतर कॅमेऱ्यांत याच कामासाठी अधिक-उणे अशी खूण असलेली सोय असते. चित्रात शुभ्र वस्तू पुष्कळ असतील, तर अधिककडे, आणि काळ्या असतील, तर उणेकडे वळावे. भिंत थोडी जास्त पांढरी झाली, तरी चालेल; चेहरा चेहऱ्यासारखा दिसला पाहिजे. त्याहून सोपे म्हणजे भिंतच बदलावी. गडद लाकडी दार, विटांची भिंत किंवा दूरची झाडी यांच्यापुढे सावळा चेहरा तेजस्वी दिसतो.

कोठे उभे राहावे?

पुष्कळ छायाचित्रकार जेथे असतात, तेथूनच चित्र घेतात. वास्तविक छायाचित्रकाराचे पाय हे त्याच्या कॅमेऱ्याचेच एक अंग आहे.

प्रथम अंतराचा विचार करू. नाकाचा शेंडा आणि कान यांत सुमारे १२ सेंटिमीटरचे अंतर धरा. कॅमेरा नाकापासून ४० सेंटिमीटरवर आणला, तर कान ५२ सेंटिमीटरवर राहतात. जवळची वस्तू मोठी दिसते, या नियमाने कानांच्या मानाने नाक जवळजवळ ३० टक्क्यांनी मोठे उमटते. तोच कॅमेरा दोन मीटरवर नेला, की हा फरक केवळ ६ टक्के राहतो आणि चेहरा आपल्या ओळखीचा दिसतो. हात लांबवून घेतलेल्या स्वतःच्या चित्रात चेहरा फुगीर का वाटतो, याचे कारण हेच आहे. तेव्हा एका व्यक्तीचे चित्र घेताना दीड ते दोन मीटर दूर उभे राहावे आणि चेहरा मोठा हवा असल्यास भिंगाची जवळ आणण्याची सोय बेताने वापरावी. फोनला एकच भिंग असेल, तर ही सोय म्हणजे चित्राच्या कडा कापणेच असते. म्हणून दुपटीच्या पुढे जाऊ नये.

दृश्याच्या बाबतीत नेमके उलटे घडते. तेथे हौशी छायाचित्रकार फार दूर राहतो. देऊळ, बैलगाडी, यात्रेकरू आणि आकाश हे सगळेच एका चित्रात मावावे, अशी त्याची इच्छा असते आणि परिणामी कोणतीच गोष्ट धड दिसत नाही. हे चित्र कशाचे आहे, याचे उत्तर एका वाक्यात देता आले पाहिजे. ते देता येत नसेल, तर पुढे जावे आणि अनावश्यक भाग चौकटीबाहेर टाकावा.

उंचीचाही विचार करावा. मोठी माणसे उभ्याने मुलांची चित्रे घेतात. त्यामुळे मुलांचे डोके मोठे आणि पाय आखूड दिसतात. बसलेल्या वृद्धांचेही तसेच होते. कॅमेरा समोरच्या व्यक्तीच्या डोळ्यांच्या पातळीवर असावा. मुलासाठी गुडघे टेकावेत, जमिनीवर बसलेल्या माणसासमोर आपणही बसावे. यामुळे चित्राला प्रमाणबद्धता येते आणि पाहणारा समोरच्याकडे बरोबरीच्या नात्याने पाहतो.

शेवटी पार्श्वभूमी. आपले मन हव्या त्या गोष्टीवर खिळते आणि बाकीचे विसरते. कॅमेरा काहीच विसरत नाही. मागचा विजेचा खांब डोक्यातून उगवल्यासारखा दिसतो, दोरीवरचे कपडे आणि भिंतीवरचे कॅलेंडर लक्ष वेधून घेतात. बटण दाबण्यापूर्वी चौकटीच्या चारही कोपऱ्यांवरून एकदा दृष्टी फिरवावी. बहुतेक वेळा एक पाऊल डावीकडे किंवा उजवीकडे सरकल्याने काम भागते. व्यक्तीला भिंतीला टेकवून उभे करू नये. तिच्यामागे दीड-दोन मीटर जागा असली, म्हणजे सावली भिंतीवर पडत नाही आणि मनुष्य पार्श्वभूमीपासून सुटा दिसतो. मात्र सारीच पार्श्वभूमी शत्रू मानू नये. विणकर मागाजवळ, शिक्षक फळ्याजवळ आणि आजी तिच्या देव्हाऱ्याजवळ असली, तर ते चित्र चेहऱ्यापेक्षा अधिक काही सांगते.

स्थिर हात आणि योग्य क्षण

मोबाइल फोन खिशात आणि हातात वावरतो. त्याच्या भिंगावर बोटांचे तेल आणि धूळ बसते व चित्रात धुके उतरते. स्वच्छ मऊ सुती कापडाने भिंग हलकेच पुसणे, हा चित्र सुधारण्याचा सर्वांत स्वस्त उपाय होय.

धूसर चित्रांचे दुसरे मोठे कारण हाताचा कंप हे असते. प्रकाश कमी झाला, म्हणजे शटर अधिक वेळ उघडे राहते आणि तेवढ्या वेळात हात हलतो. साध्या भिंगाने सेकंदाच्या साठाव्या भागापर्यंतचे चित्र बहुतेकांना हाती धरून घेता येते. त्याहून अधिक वेळ लागत असेल, तर आधार हवा. कोपर छातीशी घट्ट धरावे, भिंतीला किंवा खांबाला टेकावे, श्वास सोडून क्षणभर थांबावे आणि बटण हळुवारपणे दाबावे. रात्रीच्या दृश्यासाठी कॅमेरा कठड्यावर ठेवून दोन सेकंदांनी आपोआप चित्र घेण्याची योजना वापरावी. समोरची व्यक्तीच हलत असेल, तर मात्र आधाराचा उपयोग नाही. तिला उजेडात आणणे हाच मार्ग आहे.

फ्लॅशविषयी एक नियम ध्यानात ठेवला, तर निराशा टळेल. लहान दिव्यापासून अंतर दुप्पट झाले, की प्रकाश एकचतुर्थांश होतो. साध्या कॅमेऱ्याचा फ्लॅश काही थोड्या मीटरांपलीकडे निष्प्रभ असतो. नाट्यगृहाच्या विसाव्या रांगेतून रंगमंचावर फ्लॅश टाकल्याने पुढच्या प्रेक्षकांची डोकी तेवढी उजळतात. उलट, भर उन्हात एखाद्याच्या चेहऱ्यावर टोपीची सावली पडली असेल, तर जवळून टाकलेला फ्लॅश ती सावली उजळण्यास उपयोगी पडतो.

क्षण साधणे हे या कलेतील सर्वांत अवघड अंग आहे. तरी त्याचाही अभ्यास करता येतो. भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) यांच्या वापरात रोलीफ्लेक्स कॅमेरा होता. त्यातही एका फिल्मवर १२ चित्रे निघत. जवाहरलाल नेहरू पांढरे कबूतर सोडीत असतानाचे त्यांचे चित्र सर्वपरिचित आहे. कबूतर उडाल्यानंतर बटण दाबणाऱ्याच्या हाती रिकामे हात आणि आकाश एवढेच लागते. क्षण येणार, हे आधी ओळखून तयार राहावे लागते. घरातही हेच खरे आहे. “इकडे बघा, हसा,” असे म्हटले, म्हणजे माणसे ताठ होतात. एक औपचारिक चित्र घ्यावे आणि कॅमेरा खाली न ठेवता बोलत राहावे. ते चित्र झाले, असे वाटून आजी सैल होते, नातवाला काही सांगू लागते, हाताने पदर सावरते. तिचा खरा चेहरा त्याच क्षणी दिसतो.

कोणाचेही चित्र घेण्यापूर्वी त्याची संमती घ्यावी. बाजारातील भाजीवाली, घाटावर स्नान करणारा यात्रेकरू किंवा रुग्णशय्येवरील आप्त यांचा मान आपल्या चित्रापेक्षा मोठा आहे. संमतीने घेतलेल्या चित्रात डोळे मोकळे असतात, हा त्याचा आणखी एक लाभ.

चित्र टिकवणे

चित्र घेतल्याने काम संपत नाही. शंभरांतून तीन निवडावीत आणि निरुपयोगी चित्रे काढून टाकावीत, म्हणजे चांगली सापडतील. उत्तम चित्रांच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी साठवाव्यात, कारण फोन हरवतो आणि यंत्रे बिघडतात. वर्षातून दहा-वीस चित्रे कागदावर छापून घ्यावीत आणि प्रत्येकीच्या मागे मऊ पेन्सिलीने नाव, गाव आणि साल लिहावे. आज ज्याचे नाव सांगण्याची आवश्यकता वाटत नाही, ते पन्नास वर्षांनी कोणालाच ठाऊक नसते. पावसाळ्यातील दमट हवेत चित्रांवर आणि भिंगांवर बुरशी येते. म्हणून संग्रह ओल्या भिंतीपासून दूर, हवेशीर आणि कोरड्या जागी ठेवावा.

ज्यांना या कलेचा अभ्यास करावयाचा आहे, त्यांनी एक सोपा प्रयोग करून पाहावा. घरातील एक खिडकी आणि एक माणूस निवडावा. सकाळी, दुपारी आणि सायंकाळी, ढगाळ दिवशी आणि निरभ्र दिवशी, त्याच जागी त्याच व्यक्तीचे एक-एक चित्र घ्यावे आणि ती सारी शेजारी-शेजारी मांडून पाहावीत. एका महिन्यात प्रकाश वाचता येऊ लागेल. निवडलेली व्यक्ती घरातील सर्वांत वृद्ध असेल, तर या अभ्यासातून आणखी एक गोष्ट हाती लागेल : पुढे कधी शोधण्याची वेळ आली, तर कोणत्याही समूहचित्रातून कापावे न लागणारे, स्वच्छ आणि खरे असे तिचे एक चित्र.